मुंबई–नागपूर: ६८३ किलोमीटरच्या विमानप्रवासाला दीड तास का लागतो

कल्याणच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मला वडिलोपार्जित जमिनीच्या दाव्यासाठी नागपूरला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात सकाळी साडेदहाला हजर राहायचे आहे. मुंबई–नागपूर अंतर एके ठिकाणी ६८३ दिसते, दुसरीकडे ३६८, रेल्वेचे ८३७ आणि समृद्धी महामार्गाचे ७०१. विमानाचा वेग ताशी ८३० किलोमीटर धरला तर पन्नास मिनिटांत पोचायला हवे, पण तिकिटावर एक तास पस्तीस मिनिटे लिहिली आहेत. खरे अंतर कोणते, खरा वेळ किती, आणि सकाळी पावणेआठला सुटणारे विमान घेतले तर चालेल का?"

मी सत्तावीस वर्षे विमान कंपन्यांच्या डिस्पॅच विभागात काम केले आणि त्यातली बरीच वर्षे सांताक्रूझला रात्रपाळी केली. वैमानिक विमानात चढण्यापूर्वी त्याच्या हाती फ्लाइट प्लॅन पडतो. कोणत्या मार्गाने जायचे, किती उंची गाठायची, वारा कुठून असेल, इंधन किती भरायचे आणि कोणत्या मिनिटाला कुठे असायला हवे, याचा तो लेखी हिशेब असतो, आणि तो करणे हे माझे काम होते. मुंबई–नागपूर मार्ग मी इतक्या वेळा आखला आहे की तुमचा प्रश्न वाचताना आकडे आपोआप डोळ्यांपुढे आले.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. दोन शहरांमधले अंतर किती, हा पहिला. विमानाला किती वेळ लागतो, हा दुसरा. कल्याणच्या घराचे दार ओढून घेतल्यापासून न्यायालयाच्या दालनात पाऊल ठेवेपर्यंत किती वेळ हाताशी हवा, हा तिसरा. तुम्हाला गरज तिसऱ्याच्या उत्तराची आहे, पण ते पहिल्या दोन उत्तरांशिवाय पटणार नाही, म्हणून त्याच क्रमाने लिहिते.

अंतराचे जे आकडे तुम्ही दिले आहेत, त्यांतला एकही चुकीचा नाही. ६८३ किलोमीटर ही सांताक्रूझचा विमानतळ आणि नागपूरचा सोनेगावचा विमानतळ यांना पृथ्वीच्या पृष्ठभागावरून जोडणारी सर्वांत आखूड रेषा आहे. ३६८ हा आकडा त्याच रेषेचा आहे, फक्त तो सागरी मैलांत आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि विमान वाहतुकीत अंतर सागरी मैलांतच मोजतात. काही ठिकाणी तुम्हाला ४२४ हा आकडाही दिसेल. ते जमिनीवरचे नेहमीचे मैल आहेत. ज्या आकड्यापुढे एकक लिहिलेले नाही तो हिशेबात घ्यायचाच नाही, ही सवय मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात लावत असे, कारण मैल आणि किलोमीटर यांची गल्लत इंधनाच्या हिशेबात झाली तर ती कागदावरची चूक राहत नाही.

रेषेची टोके बदलली की आकडाही बदलतो. मुंबई म्हणजे सीएसएमटी आणि नागपूर म्हणजे झिरो माइलचा दगड असे धरले तर तीच सरळ रेषा सुमारे ७०० किलोमीटर भरते, कारण दक्षिण मुंबई सांताक्रूझच्या खाली आहे आणि झिरो माइल सोनेगावच्या वर आहे. नवी मुंबईच्या विमानतळावरून मोजले तर ती ६६७ किलोमीटरच्या आसपास येते. रेल्वेचे ८३७ किलोमीटर हे रुळांचे अंतर आहे. गाडी कल्याणहून इगतपुरीचा घाट चढते, मनमाडवरून खानदेशात जळगाव-भुसावळपर्यंत वर जाते, आणि मग अकोला, बडनेरा, वर्धा करत नागपूरला येते; या वळणाचे किलोमीटर त्यात धरलेले आहेत. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापासून नागपूरजवळच्या शिवमडक्यापर्यंतचे आहेत. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यावर हा आकडा पूर्ण झाला, मात्र घर ते आमणे आणि शिवमडका ते मुक्काम हे अंतर त्यात तुम्हालाच मिळवावे लागते.

आता विमान जी वाट प्रत्यक्षात धरते तिच्याकडे येऊ. ते ६८३ किलोमीटरच्या रेषेवरून जात नाही. सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीचा क्रमांक ०९/२७ आहे. हे आकडे होकायंत्रावरच्या दिशेचे आहेत: २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम. वर्षातल्या बहुतेक दिवसांत विमाने पश्चिमेकडे तोंड करून उडतात, कारण समुद्रावरून येणारा वारा समोरून घेऊन उडणे सुरक्षित असते. नागपूर मात्र मुंबईच्या पूर्वेला, किंचित उत्तरेकडे कललेले आहे. म्हणजे नागपूरचे विमान आधी जुहूच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात शिरते, तिथे वळण घेते, आणि मग उलटे फिरून सह्याद्रीच्या दिशेने निघते. खिडकीशी बसलात तर उड्डाणानंतरची पहिली काही मिनिटे तुम्हाला खाली पाणीच दिसेल. त्यापुढे ठरलेले हवाई मार्ग आणि ठरलेले बिंदू असतात, आणि नागपूरला पोचल्यावर धावपट्टीच्या योग्य टोकासमोर येण्यासाठी पुन्हा वळसा असतो. नागपूरची धावपट्टी वायव्य–आग्नेय आहे. मुंबईहून येणारे विमान पश्चिमेकडून येते, त्यामुळे ते आग्नेयेच्या टोकाने उतरणार असेल तर त्याला शहराला बगल देऊन पलीकडे जावे लागते. हे सगळे धरून माझ्या प्लॅनमध्ये हा प्रवास साधारण ७१५ ते ७५० किलोमीटरचा निघत असे.

वेळेच्या बाबतीत तुमचा हिशेब जिथे चुकतो ती जागा नीट दाखवते, कारण हीच चूक बहुतेक सगळे करतात. ताशी ८३० किलोमीटर हा वेग खरा आहे, पण तो विमान पस्तीस हजार फुटांच्या आसपास सरळ उडत असतानाचा आहे, आणि मुंबई–नागपूरसारख्या आखूड प्रवासात विमान त्या अवस्थेत फारच थोडा वेळ असते.

डिसेंबरातली एक नेहमीची सकाळ घ्या. सहा वाजून दहा मिनिटांनी चाकांखालचे अडसर निघतात आणि ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलतो. तिकिटावरचा वेळ इथून मोजायला सुरुवात होते. इंजिने सुरू होतात, विमान टॅक्सीवेवरून धावपट्टीकडे सरकते, पुढे चार-पाच विमाने रांगेत असतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी मोकळेपणाने वाहतूक करता येत नाही, आणि उतरणाऱ्या दोन विमानांच्या मधल्या फटीत एक उडणारे विमान बसवावे लागते. यात अठरा मिनिटे गेली असे समजू. चाके जमीन सोडतात तेव्हा सहा वाजून अठ्ठावीस मिनिटे झालेली असतात.

पुढची वीस मिनिटे विमान चढत असते. दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरची मर्यादा असते. पुढे वेग हळूहळू वाढतो. चढण संपेपर्यंत साधारण २२० किलोमीटर कापलेले असतात. मग ताशी ८३० किलोमीटरने सरळ उड्डाण, आणि ते जेमतेम २९० किलोमीटरचे, म्हणजे एकवीस मिनिटांचे. नागपूर अजून सव्वादोनशे किलोमीटर दूर असताना, म्हणजे साधारण अकोल्याच्या आसपास, इंजिनांचा आवाज मंदावतो आणि उतरण सुरू होते. वाढलेला चहा संपायच्या आत हवाई सेविका कप गोळा करायला का येतात, याचे कारण हेच आहे. उतरताना पुन्हा दहा हजार फुटांखाली तीच वेगमर्यादा लागते, शेवटी पंखांचे फ्लॅप आणि चाके बाहेर आली की वेग ताशी २६० किलोमीटरच्या घरात येतो, आणि वळसा धरून या टप्प्याला जवळपास तीस मिनिटे लागतात. चढणीची वीस, सरळ उड्डाणाची एकवीस आणि उतरणीची तीस, अशी हवेतली एकूण एकाहत्तर मिनिटे झाली. सात वाजून एकोणचाळीस मिनिटांनी चाके टेकतात, पाचेक मिनिटांत विमान उभे राहते आणि चाकांखाली पुन्हा अडसर लागतात. सहा दहा ते सात चव्वेचाळीस, म्हणजे एक तास चौतीस मिनिटे.

अडसरापासून अडसरापर्यंतच्या या वेळेला आमच्या भाषेत ब्लॉक टाइम म्हणतात, आणि तिकिटावर तोच छापलेला असतो. तुम्ही काढलेली पन्नास मिनिटे आणि छापलेली पंचाण्णव मिनिटे यांतला फरक कंपनीने उगाच वाढवून ठेवलेला नाही. थोडी सैल जागा त्यात असते हे खरे आहे. कंपन्या मागील हंगामांतल्या त्याच वेळेच्या उड्डाणांच्या नोंदी पाहून असा आकडा निवडतात की बहुतेक दिवस विमान त्याच्या आत पोचावे, कारण ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचलेले विमान वेळेवर धरले जाते आणि त्यावर कंपनीची प्रतिष्ठा अवलंबून असते. म्हणूनच एकाच मार्गावर पहाटेच्या विमानाचा छापील वेळ आणि संध्याकाळच्या विमानाचा छापील वेळ यांत पाच-दहा मिनिटांचा फरक दिसतो. अंतर तेच असते, गर्दी बदललेली असते.

वाऱ्याबद्दल तुम्ही विचारले नाही, पण जाण्या-येण्याच्या वेळेत फरक का, असा प्रश्न पुढे पडेलच. हिवाळ्यात उत्तर भारतावर खूप उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात आणि त्यांची कड आपल्या पट्ट्यापर्यंत येते. डिसेंबरात नागपूरला जाताना हा वारा पाठीशी असतो आणि परतताना तोंडावर. साठ नॉटचा वारा धरला तर तो ताशी एकशे अकरा किलोमीटर होतो, आणि ऐकायला हा आकडा फार मोठा वाटतो; पण हवेतला एकूण वेळच सव्वा तासाचा असल्यामुळे जाण्या-येण्यातला फरक दहाएक मिनिटांपलीकडे क्वचित जातो. पावसाळ्यात उंचावरचे वारे उलट, पूर्वेकडून वाहू लागतात आणि हा फरकही उलटतो. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या माणसाला याच कारणाने जाताना तासभर जास्त मोजावा लागतो, कारण तिथे वाऱ्याला विमानाशी झुंजायला नऊ-दहा तास मिळतात. नागपूरच्या प्रवाशाचे वाऱ्यामुळे फारसे बिघडत नाही. त्याचे बिघडते ते जमिनीवर.

इथे थोडे विषयांतर करते, कारण ही गोष्ट मला फार प्रिय आहे. १९४९ मध्ये आपल्या देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, आणि तिचे केंद्र नागपूर होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल करत, आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. सरळ रेषेने पाहिले तर नागपूरहून मुंबई ६८३ किलोमीटर, दिल्ली सुमारे ८५०, मद्रास ९०५ आणि कलकत्ता ९८५. अंतरे सारखी नाहीत, पण ताशी तीनशेच्या आसपास वेग असलेल्या डाकोटासारख्या विमानाला चारही ठिकाणांहून एका रात्रीत जाऊन परत येता येईल इतकी ती जवळ आहेत. ही सेवा आखणाऱ्यांनी किलोमीटरांपेक्षा रात्रीचे तास मोजले. तुमच्या प्रश्नाकडे मी त्याच पद्धतीने पाहते आहे.

आता तिसरा प्रश्न. याबाबतीत माझ्या हातून एकदा चूक झाली आहे, ती सांगते. नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. माझ्या धाकट्या दिरांना वर्ध्याला एका खरेदीखताच्या नोंदणीसाठी सकाळी अकराला पोचायचे होते. त्यांनी मला फोनवर विचारले, "वहिनी, नागपूरला विमानाने किती वेळ लागतो?" मी म्हटले, "दीड तास." उत्तर तंतोतंत बरोबर होते, आणि त्यांच्या काहीच उपयोगाचे नव्हते. त्यांनी आठचे विमान घेतले. साडेनऊला नागपूर, मग वर्ध्यापर्यंत पाऊणशे किलोमीटरचा रस्ता, असा त्यांचा अंदाज होता. त्या दिवशी त्यांचे विमान आधीच्या फेरीवरून चाळीस मिनिटे उशिरा आले होते, आणि ते कचेरीत पोचले तेव्हा समोरची मंडळी कंटाळून निघून गेली होती. पुढची तारीख मिळायला दीड महिना लागला. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण त्यानंतर कोणीही विमानाचा वेळ विचारला की मी आधी विचारते, "कुठून निघणार आणि कुठे, किती वाजता पोचायचे आहे?"

तुमच्या बाबतीत हे सगळे माहीत आहे, म्हणून उलट्या दिशेने मोजू. खंडपीठाची इमारत सिव्हिल लाइन्समध्ये आहे. सोनेगावहून तिथे जायला वर्धा रस्त्याने सकाळच्या गर्दीत अर्धा ते पाऊण तास धरा. मेट्रोही आहे, पण तिचे स्थानक टर्मिनलच्या दारात नसून वर्धा रस्त्यावर आहे, आणि झिरो माइल किंवा कस्तुरचंद पार्कला उतरून पुढे पुन्हा रिक्षा पाहावी लागते. विमान उभे राहिल्यापासून रस्त्यावर येईपर्यंत, सामान सोबतच असेल तर पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि पट्ट्यावरून घ्यायचे असेल तर अर्धा तास. न्यायालयाच्या दारावरची तपासणी, वकिलांची भेट आणि कागदांवरून एकदा नजर फिरवणे यांना अर्धा तास हवाच. म्हणजे साडेदहासाठी तुमचे विमान उशिरात उशिरा सव्वानऊच्या आत नागपूरला उभे राहायला हवे, आणि हे सगळे सुरळीत पार पडले तर. पावणेआठचे विमान छापील वेळेनुसार नऊ वीसला पोचते. म्हणजे एक मिनिटाचाही उशीर न होता ते आले तरी तुम्ही पाच मिनिटे मागे आहात. तेव्हा ते विमान घेऊ नका.

पहाटेचे पहिले विमान मात्र वेगळे आहे. सहाच्या आसपास सुटणारे विमान पावणेआठला नागपूरला येते आणि तुम्ही पावणेनऊपर्यंत सिव्हिल लाइन्सला असता. त्याचा आणखी एक मोठा गुण असा की पहिल्या फेरीचे विमान सहसा रात्रभर मुंबईतच उभे असते. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचे विमान आधी दुसऱ्या शहराला जाऊन आलेले असते, आणि डिसेंबरात त्या शहराचे नाव दिल्ली असेल तर तिथल्या धुक्याचा उशीर त्याच्या पाठीवर बसून मुंबईला येतो. मुंबईत स्वच्छ ऊन असताना विमान उशिरा का, म्हणून लोक काउंटरवर भांडतात, त्याचे उत्तर बहुतेक वेळा दिल्लीच्या धावपट्टीवर असते. पहिल्या विमानाला ही भीती कमी असते. मात्र हिवाळ्यात नागपूरलाही काही सकाळी धुके उतरते. तशा दिवशी विमान एक तर मुंबईतच थांबवून ठेवतात, किंवा नागपूरवर घिरट्या घालून शेवटी रायपूर, भोपाळ अशा पर्यायी विमानतळाकडे वळवतात. म्हणूनच प्रत्येक प्लॅनमध्ये आम्ही नागपूरपर्यंतच्या इंधनाखेरीज पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि त्यावर आणखी तीस मिनिटांचे राखीव इंधन धरत असू. विमानाची अशी तरतूद केलेली असते. तुमच्या साडेदहाच्या सुनावणीची तरतूद तुम्हालाच करायची आहे.

या पहिल्या विमानासाठी कल्याणहून किती वाजता निघावे लागेल तेही मांडते. देशांतर्गत विमानाचे चेक-इन साधारण तासभर आधी बंद होते आणि गेट सुमारे पंचवीस मिनिटे आधी. सहा दहाच्या विमानासाठी पावणेपाचला टर्मिनलवर असावे. कल्याणहून पहाटे रस्ता मोकळा असला तरी सव्वा तास धरा, म्हणजे साडेतीनला घर सोडायचे आणि पावणेतीनला उठायचे. साडेतीन ते पावणेनऊ म्हणजे सव्वापाच तास झाले, आणि त्यांतली हवेतली मिनिटे एकाहत्तर. तिकिटावर टर्मिनल १ आहे की २, आणि विमानतळ सांताक्रूझचा आहे की नवी मुंबईचा, हे दोनदा वाचा. चुकीच्या टर्मिनलवर उतरलेल्या माणसाची धावपळ मी पुष्कळदा पाहिली आहे, आणि चुकीच्या विमानतळावर गेल्यास ती धावपळही उपयोगाची नाही.

हे सगळे तोलून माझे स्पष्ट मत असे आहे की चुकवून चालणार नाही अशा तारखेसाठी आदल्या दिवशी संध्याकाळीच नागपूर गाठावे. त्यासाठी विमानच हवे असेही नाही. तुम्ही कल्याणला राहता, आणि ही तुमची जमेची बाजू आहे: विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी कल्याणला थांबते आणि सकाळी नागपूरला पोचते. पण ती गाडी सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी पकडू नका, कारण रात्रभरच्या प्रवासात तासाभराचा उशीर ही नवलाची गोष्ट नाही. त्याच्याही आदल्या संध्याकाळी निघालात तर नागपूर स्थानकाहून सिव्हिल लाइन्स अगदी जवळ आहे, हा विमानतळापेक्षा मोठा फायदा. समृद्धी महामार्ग तुमच्या घराजवळच्या आमण्यालाच सुरू होतो, त्यामुळे गाडीने जायचा मोह होईल. तिथेही ७०१ भागिले १२० असा हिशेब करू नका. १२० ही वेगाची कमाल मर्यादा आहे, सरासरी नव्हे. थांबे धरून आठ-नऊ तास लागतात, आणि सरळ, एकसुरी रस्त्यावर रात्री एकट्याने गाडी हाकून सकाळी न्यायालयात उभे राहणे मी माझ्या घरच्या कोणाला करू देणार नाही.

राहण्याची सोय मात्र आजच करा. डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीतल्या खोल्या आधीच भरलेल्या असतात, विमानांची तिकिटे महागतात, आणि विधानभवनाच्या परिसरातले रस्ते मोर्चांमुळे अधूनमधून वळवलेले असतात. न्यायालयाच्या आसपास जागा मिळाली नाही तर धंतोली किंवा रामदासपेठेत पाहा. तिथूनही सकाळी सहज पोचता येते.

परतीचे तिकीट काढताना दोन गोष्टी ध्यानात असू द्या. तुमचा दावा बोर्डावर कितव्या क्रमांकावर आहे हे वकिलांना विचारा, कारण साडेदहाला न्यायालय बसते, तुमचा पुकारा साडेदहालाच होतो असे नाही. तो दुपारी चारलाही होऊ शकतो. आणि संध्याकाळी मुंबईकडे येताना समोरचा वारा असतो, शिवाय सांताक्रूझला उतरणाऱ्या विमानांची गर्दी असते, त्यामुळे विमानाला कधी कधी दहा-वीस मिनिटे आकाशातच फेऱ्या मारत नंबर लागण्याची वाट पाहावी लागते. रात्री आठनंतरचे विमान घ्या, किंवा मुक्काम आणखी एका रात्रीने वाढवून दुसऱ्या सकाळी निघा. दाव्याची मूळ कागदपत्रे चेक-इनच्या सामानात देऊ नका, ती हातातल्या पिशवीतच ठेवा.